दोन माळांची सहल

सुट्टी जवळ आली की घराघरांत एकच प्रश्न घोळू लागतो, यंदा जायचे कुठे? कोणी गोव्याचे नाव काढतो, कोणी काश्मीरचे. मग खर्चाचा हिशेब होतो, गाडीची तिकिटे मिळत नाहीत आणि बेत तसाच राहून जातो. खरे म्हणजे सहलीला फार लांब जावेच लागते असे नाही. आपल्या शहरापासून एस. टी. ने तासाभराच्या अंतरावर काय काय आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

युरोपच्या अगदी उत्तरेला फिनलंड नावाचा देश आहे. तेथील शहरात राहणारी माणसे उन्हाळ्याच्या सुट्टीत बहुधा लांबचा प्रवास करीत नाहीत. शहराबाहेर एखाद्या तळ्याकाठी लहानसे लाकडी घर असते, तेथे जाऊन राहतात. रानात हिंडतात, मासे धरतात, जुनी गावे आणि किल्ले पाहतात. त्या देशात एक जुनी रीत आहे. जंगल कोणाच्याही मालकीचे असो, त्यातून पायी हिंडण्याची, रानातली फळे आणि अळंबी वेचण्याची सर्वांना मुभा असते. अट एवढीच की, कोणाचे नुकसान होता कामा नये.

ही रीत ऐकायला फार चांगली वाटते. पण एक हिशेब करून पाहा. फिनलंड हा देश आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा आहे आणि त्याची लोकसंख्या साधारण ५६ लाख आहे. सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ सालच्या जनगणनेप्रमाणे ५८ लाख होती. म्हणजे जेवढी माणसे तिकडे एका अख्ख्या देशात राहतात, तेवढी इकडे दोन जिल्ह्यांत राहतात. तिकडे रानात चार माणसे हिंडली तर रानाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे एका रविवारी हजारो माणसे एकाच पठारावर येतात. हा फरक ध्यानात ठेवून आपण या दोन जिल्ह्यांत तीन-चार दिवसांची सहल करू. वाट साधीच आहे. कृष्णा नदी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने आपण जायचे, लिंब गावापासून मिरजेपर्यंत. मध्येच नदी सोडून एकदा पश्चिमेला वर चढायचे आहे.

निघण्यापूर्वी पावसाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या सहलीत जे जे दिसणार आहे त्याच्या मुळाशी पाऊस आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पूर्वेला जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात तो पाच-सहाशे मिलिमीटरांवर येतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरांचे, पण पाण्याचा हिशेब दहाला एक असा. एका टोकाला पाण्याने भिजलेला माळ आणि दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी आसुसलेला माळ. हे दोन माळ पाहणे हाच आपल्या सहलीचा मुख्य हेतू आहे. वाटेत इतिहास भेटेल, तो आपण सोडणार नाही.

पहिला मुक्काम साताऱ्याला. पुण्याकडून येताना सातारा दहा-पंधरा किलोमीटरांवर राहिला की रस्त्यालगत लिंब गावाकडे फाटा फुटतो. गावाजवळच्या शेतात ‘बारा मोटांची विहीर’ आहे. जवळ जाईपर्यंत येथे काही असेल असे वाटतच नाही, कारण सगळे बांधकाम जमिनीच्या खाली आहे. पायऱ्या उतरू लागले की मग एकेक गोष्ट दिसू लागते. दगडी दरवाजा, त्यातून पुढे गेल्यावर कमानी, आणि कमानींच्या पलीकडे अष्टकोनी आकाराची प्रचंड विहीर. तिची खोली सुमारे ११० फूट आहे आणि व्यास ५० फूट. मोठ्या विहिरीला लागून एक लहान विहीर आहे आणि दोहोंच्या मधल्या भागावर चक्क एक छोटासा महाल उभा आहे. तेथे दगडी खांब आहेत, नक्षी आहे, बसण्यासाठी ओटा आहे.

ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधवून घेतली. तेथील शिलालेखाप्रमाणे बांधकाम शके १६४१ ते १६४६ या काळात, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ च्या सुमारास झाले. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते. आंब्याच्या बागेला पाणी द्यावे म्हणून विहीर खोदली, असे सांगतात.

आता ‘मोट’ म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेले नसेल. विजेचे पंप येण्यापूर्वी विहिरीचे पाणी मोटेने काढीत. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. ती जाड दोराने बैलांच्या जोडीला बांधलेली असे. विहिरीच्या काठापासून उताराची एक वाट केलेली असे, तिला धाव म्हणत. बैल धावेवरून खाली उतरत गेले की भरलेली मोट वर येई आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात रिकामी होई. तेथून पाणी पाटाने शेतात जाई. बैल मागे सरत परत आले की मोट पुन्हा विहिरीत उतरे. एका विहिरीवर एक किंवा दोन मोटा असत. लिंबच्या विहिरीवर एकाच वेळी बारा मोटा चालू शकत. बैलांच्या बारा जोड्या, बारा मोटकरी, दोरांची करकर आणि पाण्याचा आवाज, हे सगळे एकदम चालू आहे अशी कल्पना करून पाहा. विहिरीच्या वरच्या कडेला मोटांच्या जागा अजून दिसतात.

पाण्याची सोय आणि राजाची बैठक एकाच बांधकामात असावी, हे मला या विहिरीत सर्वांत विशेष वाटते. उन्हाळ्यात वर शेतात अंग भाजते, पण महालात गार वारा येतो. ज्या राज्यात शेतसारा हेच मुख्य उत्पन्न होते, तेथे राजाने विहिरीवर बसून कारभाराचे बोलणे करावे, यात नवल ते काय!

सातारा शहर ज्याच्या कुशीत वसले आहे तो अजिंक्यतारा किल्ला मात्र जमिनीखाली नाही, तो कोठूनही दिसतो. गडावर जायला पक्का रस्ता आहे, पण चालत जाणेच चांगले. हा किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बांधला असे मानतात. पुढे तो बहामनी आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. अहमदनगरच्या किल्ल्याचे मोगलांपासून रक्षण करणारी चाँदबीबी तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. त्या लढाईच्या बरीच वर्षे आधी, १५८० मध्ये, विजापूर दरबारातील किश्वरखान नावाच्या सरदाराने तिला याच किल्ल्यावर कैदेत ठेवले होते. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला जिंकून घेतला.

या किल्ल्याची सर्वांत मोठी कसोटी लागली ती १६९९ च्या डिसेंबरात. खुद्द बादशहा औरंगजेब मोठी फौज घेऊन गडाच्या पायथ्याशी आला. किल्लेदार प्रयागजी प्रभू यांनी चार महिने किल्ला झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिल्या स्फोटाने तट फुटला. दुसऱ्या स्फोटाच्या वेळी मात्र तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी दबा धरून बसलेले मोगलांचेच शेकडो सैनिक त्याखाली गाडले गेले. याच सुमारास, १७०० च्या मार्च महिन्यात, राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. गडावरचा दाणागोटाही संपत आला होता. अखेर एप्रिल महिन्यात शहजादा आझम याच्या मध्यस्थीने किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला आणि त्याचे नाव ठेवले ‘आजमतारा’. काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला आणि गडाच्या पायथ्याशी शहर वाढू लागले.

गडावर हिंडताना तुम्हा उर्दू जाणणाऱ्या मुलांना एक गंमत सापडेल. किल्ला, बुरूज, दरवाजा, किल्लेदार, फौज, सरदार, तोफ, जंजीर! मराठी माणूस गडाविषयी बोलू लागला की निम्मे शब्द तुमच्या ओळखीचे निघतात. हे शब्द फारसी, अरबी आणि तुर्की भाषांतून आले आणि येथेच रुजले. मात्र ‘गड’, ‘माची’ आणि ‘टाके’ हे शब्द इथल्या मातीतले. टाके म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद. अजिंक्यताऱ्यावर अशी टाकी आणि तळी आहेत. गडावर पाणी नसेल तर तोफा असूनही काही उपयोग नाही, हे बांधणाऱ्यांना चांगले माहीत होते.

आता नदी सोडून पश्चिमेला चढायचे आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून गेले की सुमारे २५ किलोमीटरांवर कास पठार लागते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे बाराशे मीटर आहे. अशा उंचावरच्या सपाट कातळाला या भागात ‘सडा’ असेही म्हणतात.

मार्च-एप्रिलमध्ये कोणी तुम्हाला या पठारावर नेऊन सोडले, तर तुम्ही नक्की म्हणाल, ‘येथे तर काहीच नाही!’ काळपट तांबडा दगड, वाळलेले गवत, कोठे कोठे खुरटे झुडूप. झाड म्हणावे असे फारच थोडे. एखाद्या उत्साही माणसाच्या मनात येईल की येथे हजार झाडे लावली तर किती चांगले होईल! आणि तो तसे करील तर कासचे फार मोठे नुकसान होईल.

ते कसे, हे नीट समजून घेऊ. सह्याद्री हा ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून झालेल्या काळ्या दगडाचा डोंगर आहे. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने उंचावरच्या या दगडातील कित्येक द्रव्ये धुऊन गेली आणि लोहाचा अंश मागे राहिला. त्यातून वरच्या थरात तांबूस, भोके भोके असलेला दगड तयार झाला. हाच जांभा. कासच्या सड्यावर जांभ्याचा असा जाड थर आहे आणि त्यावर माती आहे ती जेमतेम इंच-दोन इंच. कोठे कोठे तीही नाही. मोठ्या झाडाला मूळ रोवायला जागाच नाही. पावसाळ्यात दगडावर पाणी साचून राहते, उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. मातीत नत्रही फार थोडे असते.

एवढ्या अडचणीत राहायला कोण तयार होईल? मोठी झाडे होत नाहीत, म्हणूनच लहान वनस्पतींना येथे मोकळे रान मिळते. त्यांनी आपापल्या युक्त्या काढल्या आहेत. काही वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली कंदाच्या रूपाने झोपून राहतात. काही नुसत्या बीच्या रूपाने दगडाच्या फटीत थांबतात. पहिला पाऊस पडला की सगळ्यांची एकच घाई सुरू होते. तीन-चार महिन्यांत उगवायचे, फुलायचे, बी धरायचे आणि पुन्हा दडून बसायचे. म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हे पठार फुलांनी भरून जाते. दर दहा-पंधरा दिवसांनी रंग बदलतो. एकदा तेरड्याचा गुलाबी, मग सोनकीचा पिवळा, मध्येच गेंदाची पांढरी टिकली. फुलणाऱ्या वनस्पतींच्या साडेआठशेहून अधिक जाती कासला नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील कित्येक जगात सह्याद्रीशिवाय दुसरीकडे सापडत नाहीत.

सगळ्यांची नावे सांगत बसलो तर पुस्तक संपेल. दोन-तीन मात्र सांगतोच. ‘सीतेची आसवे’ हे निळसर जांभळे, नखाएवढे फूल. नाव किती हळवे, पण वनस्पती शिकारी आहे! तिच्या अंगावर पाण्यात बुडालेल्या बारीक पिशव्या असतात. पिशवीला आत उघडणारे दार असते. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराशी आला की दार क्षणात उघडते, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि दार मिटते. मातीत नत्र नाही, म्हणून ती ते असे शिकार करून मिळवते. ‘दवबिंदू’ नावाची दुसरी वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे पकडते. दूरून पाहणाऱ्याला ते थेंब दवाचे वाटतात. किड्यालाही बहुधा तसेच वाटत असावे.

डबक्यांच्या कडेला ‘वायतुरा’ दिसतो. त्याचा गुलाबी तुरा वर जाऊन दोन फाट्यांत विभागलेला असतो. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. आणि ‘टोपली कारवी’ तर वर्षानुवर्षे नुसतीच हिरवी राहते. तिची झुडपे उलट्या घातलेल्या टोपल्यांसारखी दिसतात. सात-आठ वर्षांनी एकदा त्या सगळ्या टोपल्या जांभळ्या निळ्या फुलांनी भरून जातात. तो हंगाम चुकला तर पुन्हा तेवढीच वर्षे वाट पाहावी लागते. पिवळ्या कवल्याच्या फुलावर दोन तांबडे ठिपके असतात. म्हणून हल्लीची मुले त्याला ‘मिकी माऊस’ म्हणतात. जुने नाव मला अधिक आवडते, पण फुलाकडे पाहिल्यावर मुलांचेही चुकते असे म्हणवत नाही.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. महाराष्ट्रातील चार ठिकाणे त्यांत आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. मान मिळाला आणि गर्दीही आली. ज्या पठारावर पूर्वी गुराखी आणि चार-दोन वनस्पतिशास्त्रज्ञ जात, तेथे सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फोटो काढण्यासाठी लोक फुलांच्या गालिच्यात जाऊन बसू लागले, कोणी तर आडवेच होऊ लागले. फुले चुरडली जातात हे सर्वांना दिसते. पण खरे नुकसान पायाखाली होते आणि ते दिसत नाही. इंचभर ओली माती पायाने दाबली गेली की तिच्यातील हवा निघून जाते. तिच्यात पुढच्या वर्षीचे कंद आणि बी असते. तेथे मग पुढच्या पावसात फूल येत नाही, नुसती पायवाट राहते.

म्हणून आता हंगामात दररोज ठराविक संख्येनेच लोकांना आत सोडतात. प्रवेशशुल्क आहे, आधी नोंदणी करावी लागते, ठरलेल्या वाटेवरूनच चालावे लागते. वन विभागाच्या मदतीने पठाराभोवतीच्या गावांतील समित्या ही व्यवस्था पाहतात. गावच्या तरुणांना त्यातून काम मिळते. मध्यंतरी पठाराला तारेचे कुंपण घातले होते. माणसे अडली, पण गुरे आणि रानगवेही अडले. जनावरे चरत असत तेव्हा उंच गवत आटोक्यात राहत असे आणि लहान फुलांना ऊन मिळत असे. त्यामुळे कुंपणाविरुद्ध बरीच चर्चा झाली आणि पुढे ते काढण्याचा निर्णय झाला. निसर्ग राखणे म्हणजे नुसते कुलूप लावणे नव्हे, हे यावरून कळते.

पठाराच्या पुढे दाट झाडीत कास तलाव आहे. सातारा शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी येथून मिळते. पठाराचा सच्छिद्र दगड पावसाचे पाणी मुरवतो आणि सावकाश सोडतो. साताऱ्यात नळ उघडणाऱ्या माणसाचा या माळाशी असा संबंध आहे. पठारावर टाकलेली प्लॅस्टिकची बाटली कोणाच्या पाण्याकडे जाते, ते वेगळे सांगायला नको.

आता परत खाली उतरू आणि कृष्णेच्या सोबतीने दक्षिणेला जाऊ. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा नदी कृष्णेला मिळते. कऱ्हाडला कोयना येऊन मिळते. तेथे दोन्ही नद्या समोरासमोर येतात, म्हणून त्या संगमाला ‘प्रीतिसंगम’ म्हणतात. कऱ्हाड सोडले की सांगली जिल्हा सुरू होतो. पूर्वी हा सगळा प्रदेश एकच सातारा जिल्हा होता. १९४९ मध्ये त्याचा दक्षिण भाग वेगळा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. स्वातंत्र्यलढ्यात क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच भागातील खेड्यांतून इंग्रजांविरुद्ध ‘प्रतिसरकार’ चालवले होते. कुंडल हे त्याचे एक मोठे ठाणे. आपल्याला जायचे आहे ते सागरेश्वर तेथून जवळच आहे.

सागरेश्वरच्या डोंगरात एका जागी लहानमोठ्या चाळीसहून अधिक जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. काही देवळे तर माणूस वाकूनच आत जाईल एवढी लहान आहेत. यात्रा-उत्सव सोडले तर येथे बहुधा शांतता असते. त्याच डोंगरावर आपला दुसरा माळ आहे, यशवंतराव चव्हाण सागरेश्वर अभयारण्य.

आज तेथे जाणाऱ्याला हिरवी झाडी दिसते, चितळांचे कळप दिसतात, मोर ओरडतात. त्याला वाटेल, हे रान पूर्वीपासूनच असे असणार. तसे नाही. हा डोंगर उघडा-बोडका झाला होता. येथे पाऊस थोडा. वर्षानुवर्षे सरपणासाठी तोड झाली, चराई झाली, माती वाहून गेली. बारमाही वाहणारा ओढाही या डोंगरावर नाही. शेजारच्या मोहित्यांचे वडगाव या गावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी हा डोंगर पुन्हा हिरवा करण्याचा ध्यास घेतला. गावकरी आणि वन विभाग यांच्या साहाय्याने झाडे लावली, पाणी अडवले, चराई थांबवली. सांबर, चितळ, काळवीट असे प्राणी बाहेरून आणून येथे सोडले. पाणवठेही माणसांनी बांधले आणि तेच भरतात. १९८५ मध्ये या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र अवघे पावणेअकरा चौरस किलोमीटर आहे. कोयनेच्या जंगलासमोर ते अगदी चिमुकले. पण कोयनेचे जंगल पावसाने वाढवले आणि हे माणसाने.

आता कासची आठवण करा. तेथे झाड लावणे हे नुकसान, येथे झाड लावणे हेच जीवदान. दोन्ही माळ उन्हाळ्यात पाहिले तर सारखेच उजाड वाटले असते. फरक डोळ्यांना दिसत नाही. मातीची खोली, पावसाचा आकडा आणि त्या जागी पूर्वी काय होते ही माहिती मिळवली तरच तो कळतो. कासच्या दगडावर मोठे रान वाढण्याजोगे नव्हतेच, सागरेश्वरला ते होते आणि माणसाने घालवले होते. ‘एक मूल, एक झाड’ अशा पाट्या आपण सगळीकडे वाचतो. पाटी लावणाऱ्याने आधी जमीन पाहिली असेल तर ठीक.

सागरेश्वरची गोष्ट सगळीच गोड आहे असे मात्र समजू नका. हरणांची संख्या वाढली, रान तेवढेच राहिले. उन्हाळ्यात चारा-पाणी कमी पडले की हरणे कुंपणाच्या फटीतून बाहेर येतात आणि खालच्या शेतांत शिरतात. कृष्णेकाठची शेते ऊस, हरभरा, भाजीपाल्याची. एका रात्रीत पिकाचा फडशा पडतो. शेतकऱ्याने राबून वाढवलेले पीक आणि माणसांनी राबून वाढवलेले रान यांच्यामध्ये आता तारेचे कुंपण आहे, आणि त्याची डागडुजी सतत करावी लागते. या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. तेथील शेतकऱ्याशी बोलल्यावाचून सहल पुरी होत नाही असे मी म्हणेन.

अभयारण्यात सकाळी लवकर जावे. ऊन चढले की प्राणी सावलीत जाऊन बसतात. उंच जागी गेले की पायथ्याच्या शेतांचा हिरवा पट्टा आणि त्यातून वळणे घेत जाणारी कृष्णा दिसते. काळवीट उघड्या गवतात दिसेल, सांबर झाडीत. भडक कपडे घालू नयेत आणि मोठ्याने बोलू नये. कोल्ह्याकुत्र्यांना घाबरून नव्हे, तर आपल्यालाच काही दिसावे म्हणून! जवळच देवराष्ट्रे गाव आहे. महाराष्ट्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्ये तेथे झाला. अभयारण्याला त्यांचे नाव आहे ते त्यामुळेच.

शेवटचा मुक्काम मिरजेला. सांगलीजवळ हरिपूरला वारणा नदी कृष्णेला मिळते, ते पाहून मिरजेला यायला फार वेळ लागत नाही. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेब यांच्या दर्ग्यात सर्व धर्मांची माणसे येतात. त्याच आवारात किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उत्तरेतल्या कैराना गावचा हा गवई मिरजेत येऊन राहिला. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना येथे आणून दफन करण्यात आले. दरवर्षी उरुसाच्या वेळी देशातील नामवंत कलावंत दर्ग्यात येऊन गातात.

दर्ग्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर सतारमेकर गल्ली आहे. येथील कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही. तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कुशल कारागिरांनी त्याच हातांनी सतार आणि तंबोरा बनवायला सुरुवात केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्याचा खालचा गोल भाग लाकडाचा नसतो, तो भोपळा असतो. पंढरपूर, मंगळवेढा या कोरड्या पट्ट्यात हे कडू भोपळे मुद्दाम पिकवतात. तेथल्या उन्हात ते चांगले वाळतात आणि त्यांची साल कठीण होते. दुकानाच्या माळ्यावर असे शेकडो भोपळे टांगलेले असतात. कारागीर त्यातला एक उतरवतो, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो, आणि मन भरले नाही तर पुन्हा जागेवर टांगून दुसरा उतरवतो.